शिफाच्या गिटारची मान

दिलावर मिस्त्रींच्या पट्टीवरचा इंच तुमच्या-माझ्या इंचापेक्षा मोठा आहे. मी हे चेष्टेनं सांगत नाही. वापरून काळी पडलेली त्यांची दोन फुटी पट्टी मी स्वतः माझ्या दुकानातल्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली आहे. सुरुवात दोघींची एकत्र होते आणि टोकाला जाईपर्यंत मिस्त्रींची पट्टी चांगली गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकलेली असते.

मिस्त्रींनी जन्मभर फौंड्रीत पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. पंपाचं घर असो नाहीतर मशिनचा पाया, तो आधी लाकडात घडवायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. रस निवताना लोखंड आकसतं. म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करावं लागतं, आणि त्यासाठी ही मोठ्या इंचाची पट्टी. इथवर सगळं रीतीला धरून आहे. घोटाळा एवढाच झाला, की मिस्त्री रिटायर होऊन घरी बसले तेव्हा ती पट्टीही बरोबर घेऊन आले.

"मार्जिन ठेवाय पायजे, मालक," हे त्यांचं पालुपद. मालक म्हणजे मी. उचगावात रस्त्यालाच माझं रंगाचं दुकान आहे आणि मिस्त्रींचं घर मागच्या गल्लीत. "लोखंडासारखं लोखंड आकसतंय, तर बाकीच्याची काय कथा?"

साडेबाराचं लग्न असलं तर मिस्त्री नऊला हजर. तोवर मांडवच उभा राहिलेला नसतो, मग ते मांडववाल्यांना बांबू धरू लागतात. एकदा तर वधूपक्षानं त्यांना मांडववाल्यांचाच माणूस समजून चहा मागच्या बाजूला नेऊन दिला. मिस्त्रींनी तो तिथंच बसून प्यायला. चपलेच्या बाबतीत त्यांचा हिशेब उलटा. चामडं सैल होतं म्हणून ते एक माप लहान चप्पल घेतात आणि पहिला महिनाभर लंगडतात. कुणी विचारलं तर, "हुईल की सैल," म्हणून पुढे जातात. बायकोला, म्हणजे मेहरूनभाभींना, त्यांनी बांगड्या आणल्या की त्या कणीक मळताना परातीत पडलेल्याच.

"मापाचं काय मिळालंच न्हाय मला ह्या घरात," भाभी म्हणायच्या. पण भाभी या सगळ्याला पुरून उरलेल्या. ढगळ कपडे त्या आत दुमडून शिवत, आणि पाहुण्यांना मिस्त्रींनी दहाला बोलावलं असलं तर स्वतः जाऊन बाराची वेळ सांगून येत.

मिस्त्रींचे थोरले भाऊ वारले तेव्हा मीही कब्रस्तानात गेलो होतो. कबर खणून झाली होती. मिस्त्री काठावर उभे राहिले, आत बघितलं आणि खणणाऱ्याला हळूच म्हणाले, "पायाकडनं जरा वाढवा. भावाला आखडून झोपायची सवय न्हाय." त्या माणसानं परत कुदळ उचलली. एरवी आम्ही ही गोष्ट चारचौघांत रंगवून सांगितली असती, पण ती कुणीच कधी सांगितली नाही.

तर असा हा माणूस, आणि माझं त्याच्याशी भांडण एकाच गोष्टीवरून होतं.

रंगाच्या धंद्यात लाकडाचं पॉलिश गिऱ्हाईक एकदा नेतं, लावतं आणि पुढची काही वर्षं तोंड दाखवत नाही. मिस्त्री वर्षातून दोनदा यायचे. मृगाच्या आधी लाखेचं पॉलिश न्यायचे, आणि पुढचा उन्हाळा लागला की तेच पॉलिश काढून टाकायला स्पिरिट आणि बारीक काचपेपर. लावायचं एका जिनसेला आणि काढायचंही त्याच जिनसेचं. ती जिन्नस म्हणजे त्यांच्या नातीच्या गिटारची मान. डाव्या हाताची बोटं जिच्यावर चालतात ती लांब लाकडी दांडी.

आता गिऱ्हाईकानं दर वर्षी पॉलिश लावलं नि दर वर्षी काढलं तर दुकानदाराचं काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही. पण मला राग यायचा. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की लाकूड एकदा नीट बंद करा आणि विसरून जा. आणि हा माणूस माझ्या समोर दर वर्षी ते बंद करतो आणि परत उघडतो.

"मिस्त्री, एकदाच काय ते पक्कं लावून टाका की," मी म्हणायचो.

"पोरगी यायची हाय मे म्हैन्यात. हातात धरून बघंल. कुठं जाड लागतंय, कुठं बोचतंय, ते सांगंल. तेवढं घासायचं आणि मग बंद करायचं. आधीच बंद केल्यावर घासू काय?"

"मग पावसाळ्यात तरी कशाला लावता?"

"उघडं लाकूड पावसात पाणी धरतंय. वाकडं झालं म्हंजे?"

मी स्पिरिटची बाटली पुढे सरकवायचो.

मूळ प्रकरण असं. शिफा म्हणजे मिस्त्रींच्या मुलीची, नसीमची मुलगी. नसीम पुण्याला दिलेली. शिफा चौथीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आली ती गिटार घेऊन. क्लास लावला होता. दिवसभर घरात तेच तीन सूर चालायचे. एके दुपारी तिनं गिटार पलंगावर ठेवली, वर चादर टाकली, कारण धूळ बसू नये असं सरांनी सांगितलं होतं, आणि ती पाणी प्यायला आत गेली. मिस्त्री बाहेरून आले आणि पलंगावर बसले. बसताना मात्र त्यांनी मार्जिन ठेवलं नाही.

मान बुडातून मोडली. पोरगी रडली नाही, हे वाईट झालं. ती मोडलेला तुकडा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसली आणि जेवली नाही. मिस्त्री तिच्या शेजारी जाऊन बसले. "ह्याच्यापरास भारी करून देतो," ते म्हणाले. "तुझ्या हाताच्या मापाची. दुकानात मिळायची न्हाय असली."

पहिली मान त्यांनी आठवड्यात केली. सागवानाची, सुरेख. बोटं जिथं दाबायची त्या तारेच्या पट्ट्या मिरजेहून आणल्या आणि माप घेऊन एकेक बसवल्या. शिफानं ती लावून वाजवली आणि म्हणाली, "नाना, हे सगळं बेसूर आहे." मिस्त्रींनी परत माप घेतलं, बरोबर होतं. तिसऱ्यांदा घेतलं, बरोबर होतं. मग भाभी आतून ओरडल्या, "अवो, पट्टी कंची घेतलीया?"

सगळी मान मोठ्या इंचात झाली होती. लाकूड काही वितळून निवणार नव्हतं, पण हाताला सवय लागलेली. मिस्त्री त्या दिवशी मनापासून खजील झाले. ती मान पुढं भाभींनी चादरी धोपटायला वापरली.

दुसरी मान त्यांनी शिवणीच्या लाकडाची केली, कारण शिवण सहसा वाकत नाही. पट्टी माझ्या दुकानातून नेली. शिफाच्या मुठीत ओल्या मातीचा गोळा देऊन तिची पकड छापून घेतली आणि त्या मापानं मागची बाजू गोल करायला घेतली. इथं खरी चूक झाली, आणि ती चूक पॅटर्न मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. चौथीतल्या पोरीचा हात उद्या वाढणार, म्हणून त्यांनी लाकूड जाड ठेवलं. वाढत्या हाताचं मार्जिन. शिफानं धरून बघितलं तर बोटं तारेपर्यंत पोचेनात.

"नाना, थोडं कमी करा ना."

"आता कमी केलं तर फुडल्या वरशी बारीक हुईल. गडबड करायची न्हाय."

सुट्टी संपली. गिटारचं धड मिस्त्रींकडेच राहिलं. पुढच्या मे महिन्यात शिफा आली, तेव्हा त्यांनी थोडं घासलं. हात थोडा वाढला होता. तरी बोटं जेमतेमच पोचत होती. "आणि एक वरीस," मिस्त्री म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी शिफाच्या वडिलांनी तिला पुण्यात दुसरी गिटार घेऊन दिली, आणि मे महिन्यात कसलंसं शिबिर होतं. मग दहावी आली. मग बारावी, मग कॉलेज. नसीम ईदला यायची, एक रात्र राहून जायची. शिफाला यायला जमायचं नाही. यात कुणाचा दोष नाही, माझीही मुलं अशीच लांब गेली आहेत. पण दर उन्हाळ्यात मिस्त्री स्पिरिटचा बोळा घेऊन बसायचे, लाखेचं पॉलिश पुसून काढायचे, आणि मान उघडी करून तयार ठेवायचे. आल्या आल्या हातात देता यावी म्हणून.

पावसाळ्यात तर त्या मानेची बडदास्त बघण्यासारखी. तिला एका सरळ लोखंडी अँगलला चिंध्यांनी बांधायचं, म्हणजे वाकायला जागा नको. वर जुनी सुती लुंगी गुंडाळायची. आणि फ्रिजच्या मागं जिथं ऊब असते तिथं खिळ्याला उभी टांगायची. दर शुक्रवारी नमाजाहून आले की मिस्त्री ती काढायचे, एक डोळा मिटून कडेनं नजर टाकायचे, आणि "सरळ हाय" असं घरात कुणीही नसलं तरी मोठ्यानं सांगायचे.

"माझ्या गुडघ्याला कधी तेल लावलं न्हाय, आणि ह्या लाकडाला बगा," भाभी मला म्हणाल्या होत्या. पण मिस्त्री चार दिवस दवाखान्यात होते तेव्हा शुक्रवारी भाभींनीच ती मान खाली काढली, डोळा मिटून बघितली, आणि दवाखान्यात जाऊन सांगितलं की सरळ आहे.

या वर्षी मे महिना लागला तरी मिस्त्री स्पिरिट न्यायला आले नाहीत. मला वाटलं, सुटली एकदाची ब्याद. आणि मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, ते लुंगीत गुंडाळलेली मान घेऊन आले आणि काउंटरवर उघडून ठेवली. लाखेचा थर अजून तसाच होता.

"स्पिरिट देऊ?" मी विचारलं.

"नगो." ते स्टुलावर बसले. मानेच्या मागच्या बाजूनं त्यांनी अंगठा फिरवला. "मालक, मार्जिन संपलं."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. स्पिरिट लावलं की लाकडाची कुसळं वर येतात. ती बसवायला काचपेपर मारावा लागतो. काचपेपर मारला की लाकूड जातं. दर वर्षी थोडं थोडं, डोळ्याला न दिसणारं. इतकी वर्षं पोरीसाठी राखून ठेवलेली जाडी पोरीच्या हाताला न लागताच गेली होती. आता एकदाच पॉलिश काढता येणार होतं, एकदाच घासता येणार होतं. त्यानंतर परत काचपेपर लावला तर तारा ताणल्यावर मान वाकली असती.

"म्हंजे ह्या वरशी यायलाच पायजे तिला," मिस्त्री म्हणाले. "हात धरून एकदा बसवायचं, आणि मग कायमचं बंद करायचं. पाऊस यायच्या आत."

त्यांनी माझ्या दुकानातूनच पुण्याला फोन लावला. आधी नसीम बोलली. शिफा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुठल्याशा कंपनीत शिकाऊ म्हणून लागली आहे, जुलैपर्यंत सुट्टी नाही. मग शिफा आली. आवाज मोठ्या बाईचा झाला होता, पण "नाना" तसंच म्हणाली. मिस्त्रींनी मानेचं सांगितलं.

"नाना, अजून आहे ती?"

"हाय की. सरळ हाय एकदम."

"मला येता नाही येणार हो. हाताचा फोटो पाठवू का? त्यावरून होईल?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून मी माझा नंबर सांगितला. "शेजारी पट्टी ठेव," ते शिफाला म्हणाले. "डावा हात. बोटं पसरून."

फोटो संध्याकाळी आला. मी मिस्त्रींना बोलावलं. टेबलावर पसरलेला डावा हात, शेजारी प्लास्टिकची पट्टी. "ह्या असल्या पट्टीचा भरोसा न्हाय," मिस्त्री आधी तेच म्हणाले. मग त्यांनी चष्मा लावला आणि फोन जवळ घेतला. मग लांब धरला. मग परत जवळ घेतला. मला वाटलं माप घेतायत.

मी विचारलं, "बारीक दिसतंय का? मोठं करू?"

"दिसतंय की." त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "नखं वाढलेली हायत."

मी बघितलं. लांब, छान राखलेली नखं, जांभळा रंग लावलेली. आजकालच्या सगळ्याच मुलींची असतात. मी तसं म्हणालो.

"उजव्या हाताची असती तर बोललो नसतो," मिस्त्री म्हणाले. "हा डावा हाय. तार दाबायची म्हंजे नखं मुळापासनं कापाय लागत्यात. न्हायतर तार दाबतच न्हाय. तिनंच मला दाखवलेलं लहानपणी." चष्मा काढून ते तो शर्टाला पुसत बसले. "पोरीनं सोडलंय वाजवायचं."

दुकानात पंखा चालू होता. मी काउंटरवरचा फोन उचलून खिशात टाकला.

"त्या वरशी घासाय पायजे होतं," ते म्हणाले. "ती म्हणत होती, कमी करा. घासलं असतं तर तवा तरी वाजवली असती. एक वरीस तरी. मग झाली असती बारीक, तर दुसरी केली असती."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, मिस्त्री."

"व्हय. चांगल्यासाठीच की."

मग ते उठले आणि म्हणाले, कायमचं असं काय असेल ते काढून ठेवा. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, लाकूड उघडं ठेवून कसं चालेल. आणि दारातून वळून एवढंच सांगितलं, "फोटू तुमच्या भाभीला दावू नगासा. ती ईदची वाट बघतीया, शिफा यील आणि वाजवंल म्हणून."

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. असल्या मानेला चकचकीत पॉलिश चालत नाही, घामेजलेला अंगठा त्याला चिकटतो, हे मिस्त्रींचं म्हणणं आणि ते खरंही आहे. म्हणून मी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, व्हार्निश आणि टर्पेंटाइन समान घेऊन पातळ मिश्रण केलं होतं. हे लाकडावर बसत नाही, आत शिरतं आणि आतच घट्ट होतं. फडक्यानं लावायचं, जरा थांबायचं, वरचं सगळं पुसून काढायचं आणि वाळू द्यायचं. असं चार-पाच वेळा. स्पिरिटनं हे निघत नाही. एकदा लावलं की लावलं.

मिस्त्रींनी घरात उरलेल्या स्पिरिटनं लाख पुसून मान उघडी केली होती. सोप्यात ठोकळ्यावर ती शिकंज्यात धरलेली, आणि ते बाजूला बसलेले. भाभी पलीकडे लसूण सोलत होत्या.

"फोटूवर हुईत न्हाय, मालक," मिस्त्री म्हणाले. "फोटू दाब दावत न्हाय. हात पायजे."

मी माझा पुढे केला. त्यांनी तो बघितला. "तुमचा हात बरणीत जायाचा न्हाय," ते म्हणाले.

भाभींनी लसूण बाजूला सारला, हात धुतला, पदराला पुसला आणि आमच्याजवळ येऊन बसल्या. "शिफाचा हात माझ्यावर गेलाय," त्या म्हणाल्या. "जल्मली तवापासनं सगळी म्हणत्यात. धरा."

आणि त्यांनी डावा हात मिस्त्रींच्या समोर धरला.

मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता तो हात घेतला. मानेच्या खालून नेला, अंगठा मागच्या बाजूला टेकवला, एकेक बोट वर आणून तारांच्या जागेवर ठेवलं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ती पद्धतच नाही. मी मिश्रण ढवळण्यात लक्ष असल्यासारखं केलं, पण बघत होतो.

"कुठं लागतंय?"

"हितं. अंगठ्याखाली."

त्यांनी हात सोडवला, काचपेपरानं हलकेच घासलं, फुंकर मारली, परत हात ठेवला. "आता?"

"हाय अजून. जरासं."

असं बराच वेळ चाललं. घासायचं, फुंकायचं, हात ठेवायचा. बाहेर भाजीवाला येऊन ओरडून गेला, भाभी उठल्या नाहीत. मिस्त्री डोळे मिटून भाभींच्या मुठीवर आपला हात ठेवत होते आणि दाब बघत होते.

भाभी डोकं वर न करता म्हणाल्या, "पोरीनं सोडलंय वाजवायचं."

मिस्त्रींचा हात थांबला.

"दोन वरसं झाली. नसीम बोलली मला फोनवर. ती गिटारबी दिली कुणाला तरी. तुमास्नी सांगू नगो म्हणलेली. मीबी न्हाय सांगितलं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मिश्रणाच्या डब्याकडे.

"ठावं हाय मला," ते शेवटी म्हणाले. "फोटूत दिसलं."

"मग?"

"मग काय?"

मानेच्या खाली भाभींचा हात तसाच होता, वर मिस्त्रींचा. मला वाटलं आता काचपेपर बाजूला पडणार, आणि मी डब्याचं झाकण लावून निघावं. खरं सांगतो, तिथून उठून जावं असं मला फार वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं दुःख असं समोरासमोर बघायची मला सवय नाही.

"मग घासा की," भाभी म्हणाल्या. "हात आवघडलाय माझा."

मिस्त्रींनी घासलं. शेवटचं त्यांनी काचपेपरानं नाही, नुसत्या जाड कापडानं चोळलं. भाभींनी हात वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला, एकदा, दोनदा, आणि झालं अशी खूण केली. मग मी मिश्रणाचा पहिला हात लावून दिला. उघडं पांढुरकं लाकूड तेलानं गडद झालं, त्याच्या रेषा वर आल्या. मिस्त्री वाकून बघत राहिले. फडकी मी दोरीवर पसरून ठेवायला सांगितली, कारण बेलतेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेतात. भाभींनी ती कपड्यांसारखी चिमटे लावून वाळत घातली. पुढचे हात मिस्त्रींनी स्वतःच दिले, प्रत्येक वेळी दोन दिवस मध्ये सोडून, आणि शेवटी वर मेण चोळलं.

त्यानंतर मी बरेच दिवस तिकडे गेलो नाही. दुकानात पावसाळ्याआधीची गर्दी होती. आणि जायचा जरा संकोचही वाटत होता. मग एका संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि पॉलिश कुठं चिकट राहिलंय का एवढं बघून यावं म्हणून त्यांच्या गल्लीत वळलो.

दार उघडं होतं. सोप्यात पलंगावर भाभी बसल्या होत्या, मांडीवर गिटार. मान धडाला बसलेली, तारा चढवलेल्या. भाभींचा डावा हात मानेवर होता आणि मिस्त्री त्यांच्या पायांशी पाटावर बसून तारेवर बोट रोखून होते.

"दाब," मिस्त्री म्हणाले.

"दाबलंय की."

त्यांनी तार छेडली. टप्प असा आवाज आला.

"आणि जोरात दाब."

"बोट दुखतंय, अवो."

"पैल्यांदा दुखतंय. मग घट्टा पडतोय." त्यांनी भाभींचं बोट धरलं, तारेच्या पट्टीच्या जरा अलीकडे आणलं आणि वरून स्वतःच्या बोटानं दाबून धरलं. दुसऱ्या हातानं तार छेडली.

या वेळी सूर आला. लांब, स्वच्छ, पावसाळी हवेत चांगला वेळ टिकलेला. तो विरेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण मारली नाही. चिकट राहिलं असेल तर उद्या बघू, असं मनाशी म्हणत मी पाय न वाजवता मागं फिरलो.

"परत वाजवा," मागून भाभी म्हणत होत्या.